नानांच्या यादीतली एक चूक

नाना गेल्याचं मला आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. दुपारचे चार वाजले असतील. कोणीतरी नानांचा फोटो टाकला होता, तोही कुणाच्या तरी लग्नातला, हातात आइस्क्रीमची वाटी घेतलेला... आणि खाली ओळीने जोडलेले हात. मधेच एकाने फुलांचा गुच्छ पाठवला होता, वाढदिवस समजून. तो त्याने नंतर काढलाही नाही. मी त्या गुच्छाकडे बघत बसले आणि मला आधी राग आला, रडू नंतर आलं. ज्या माणसाने बावीस वर्षं तीन मिनिटांची चूक खपवून घेतली नाही, त्याच्या जाण्याची बातमी इतकी गबाळी असावी, याचा तो राग होता. निदान तेव्हा मी स्वतःची तशी समजूत घातली. खरा राग कोणावर होता ते लिहायला आज, दीड महिन्यानंतर, बसले आहे. त्यातला एकही परिच्छेद जागेअभावी कापू नका, असं मी सध्याच्या संपादकांना बजावलं आहे. जागेअभावी काय काय कापलं जातं, ते मला चांगलं ठाऊक आहे. ही पुरवणी चौदा वर्षं माझ्याच ताब्यात होती.

एकनाथ विधाते, म्हणजे आमचे नाना, हे नाव तुमच्यापैकी कोणालाही माहीत नसणार. त्यात तुमचा दोष नाही, ते कधी छापलंच गेलं नाही. पण या पुरवणीच्या शेवटच्या पानावर उजव्या बाजूला ‘आजचा पडदा’ नावाचा अर्धा स्तंभ यायचा, तो जुन्या वाचकांना आठवत असेल. टीव्हीच्या कोणत्या वाहिनीवर किती वाजता काय, एवढंच त्यात असायचं. तो स्तंभ नाना लिहायचे. ते मखमलाबादचे, घरची फुलशेती, झेंडू, शेवंती आणि थोडा मोगरा. बी.ए. होऊन आमच्याकडे मुद्रितशोधक म्हणून लागले. टीव्हीचे कार्यक्रम लिहिणारा माणूस एकदा रजेवर गेला, म्हणून चार दिवसांसाठी ते काम नानांच्या गळ्यात पडलं आणि ते चार दिवस बावीस वर्षं चालले. दर शुक्रवारी वाहिन्यांकडून आठवड्याचे कागद यायचे, आधी फॅक्सवर, मग ईमेलवर, सगळे इंग्रजीत. दुसरा कोणी असता तर जसेच्या तसे मराठीत उतरवून घरी गेला असता. नाना मात्र ते कागद खोटे आहेत असं धरूनच कामाला लागायचे. सात वाजता म्हणून कळवलेली मालिका खरंच सातला लागते की सात वाजून तीन मिनिटांनी, हे ते घरी हातात घड्याळ घेऊन बघायचे आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला फोन लावून भांडायचे. पलीकडच्या मुली कंटाळून जायच्या. तीन मिनिटांनी असं काय होतं, असं एकीने त्यांना विचारलं, तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, “तीन मिनिटांत भात करपतो, बाई.”

त्यांच्या स्तंभात आणखी एक गोष्ट होती, जी दुसऱ्या कुठल्याही पेपरात मी पाहिली नाही. संध्याकाळच्या गाजलेल्या मालिका सगळेच छापायचे. नाना त्यांच्याखाली ठळक अक्षरात, दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा किती वाजता लागतो, तेही द्यायचे. त्यात दोन ओळी जास्त जायच्या, म्हणून मी कुरकुर करायचे. “नाना, शिळं कोण बघतं हो?” असं मी एकदा नाक मुरडून म्हटलं. ते म्हणाले, “मॅडम, माझी आई बघते.” मला वाटलं, आता हे आईचं कौतुक सांगणार. पण त्यांनी सरळ हिशेबच मांडला. फुलं पिकवणाऱ्या घरात पहाटे तीनला उठावं लागतं, चार वाजता पंचवटीतल्या बाजारात टोपल्या लागल्या पाहिजेत, म्हणून बाया संध्याकाळी साडेसात-आठला झोपतात. मखमलाबादपासून आडगावपर्यंत भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या एकाही घरातल्या बाईने रात्री साडेआठची मालिका साडेआठला बघितलेली नाही. पिंपळगावला पॅकहाउसवर द्राक्षं पेट्यांत भरायला जाणाऱ्या बायांचंही तेच. “त्यांची संध्याकाळ दुपारीच असते,” नाना म्हणाले. तरी पुढच्या आठवड्यात मी पुन्हा कुरकुर केलीच. माझा स्वभाव वाईट आहे, हे वाचकांच्या आतापर्यंत लक्षात आलं असेल.

चित्रपटांच्या ओळी हा मात्र त्यांच्या लाडाचा भाग होता. रविवारच्या मराठी चित्रपटाखाली बारा शब्दांची जागा मिळायची. त्या बारा शब्दांत चित्रपट कसा आहे ते सांगायचं आणि शेवट फोडायचा नाही, असा त्यांचा नियम. लहानपणी गावोगावच्या जत्रांमधून तंबूत बसून त्यांनी एवढे चित्रपट पाहिले होते की बहुतेक ओळी ते आठवणीतूनच लिहायचे. ‘दोन भाऊ, एक विहीर. पाणी लागतं का, ते शेवटच्या रिळात कळतं.’ ‘सासूला सून आवडत नाही. आपल्याला दोघी आवडतात.’ ‘गाणी ऐका. मारामारी लागली की भाजी निवडून घ्या.’ एका चित्रपटाखाली त्यांनी चक्क लिहिलं होतं, ‘पाहिलेला नाही. कोणी पाहिला असल्यास कळवावे.’ आणि लोकांनी कळवलंही, कोणी सटाण्याहून पोस्टकार्ड पाठवलं, कोणी त्र्यंबकहून फोन केला. मी एखादा शब्द बदलला की नाना माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते उभे राहायचे. शेवटी मीच तो शब्द मुकाट्याने पूर्वीसारखा करायचे. या सगळ्या ओळी वर्षानुवर्षं साठवून त्यांनी त्यांची एक मोठी यादी केली होती, कारण चित्रपट फिरून फिरून तेच लागतात. यादी नानांच्या संगणकावर असायची, आणि पान माझ्या संगणकावर लागायचं म्हणून तिची एक प्रत माझ्याकडे.

मग घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. त्याच्या रिमोटवर एक बटण असतं, ते दाबलं की सगळ्या वाहिन्यांचे आठवडाभराचे कार्यक्रम पडद्यावर उमटतात. आमचे नवे व्यवस्थापक एका बैठकीला चक्क तो रिमोटच घेऊन आले. भिंतीवरच्या टीव्हीवर त्यांनी बटण दाबून दाखवलं, खालीवर फिरवून दाखवलं आणि म्हणाले, “हे असताना आपण अर्धा स्तंभ का वाया घालवतोय?” कोरोनाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. टेबलाभोवती आम्ही सहाजण होतो, त्यात नाना नव्हते. स्तंभ ज्यांचा त्यांना बैठकीला बोलवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पडद्यावरची ती अक्षरं इंग्रजीत आहेत, हे मला दिसत होतं. दुपारचं पुन्हा लागणारं त्यात शोधायचं तर दहा वेळा बटण दाबावं लागतं, हेही दिसत होतं. ते बोलायला तोंड उघडलं असतं तर फार काही बिघडलं नसतं. पण माझं शनिवारचं सदर त्याच पानावर यायचं, त्याला जागा पुरत नाही ही माझी जुनी रड होती आणि व्यवस्थापक माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमचं सदर आता ऐसपैस होईल की.” मी मूग गिळून बसले असं लिहिणार होते, पण तेही खोटं. मी म्हटलं, “चालेल.”

नानांना मीच सांगितलं. अर्थात ‘वरून आलंय, माझ्या हातात काही नाही’ असं म्हणून मी हात झटकले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “परवापासून का उद्यापासून?” एवढंच. स्तंभ बंद झाला त्या सोमवारी त्यांच्या आईने, म्हणजे बबूआईने, पेपर उलटापालटा केला आणि विचारलं, “आज माझं दुपारचं का नाय आलं?” नानांनी सांगितलं की आता ते टीव्हीतच येतं. म्हातारी चौथीपर्यंत शिकलेली, ठळक मराठी अक्षर बोट ठेवून वाचायची. तिने पडद्यासमोर उभं राहून त्या इंग्रजी रांगांवरूनही बोट फिरवलं आणि म्हणाली, “हे कोनासाठी छापलंय?” हे मला नानांनी पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं, तेही हसत. ऑफिसात पंधरा दिवस बायांचे फोन येत राहिले, मग थांबले. व्यवस्थापक म्हणाले, बघा, सवय झाली लोकांना. लोक फोन करायचे थांबले की त्यांना सवय झाली, असं आपल्याकडे धरतात.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. स्तंभ बंद झाल्यावर महिनाभराने व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मुंबईची एक कंपनी या पडद्यावरच्या याद्या तयार करून पुरवते. त्यांना आता मराठीतही करायचं आहे, जुन्या चित्रपटांची माहिती कोणाकडे तयार आहे का विचारत आहेत, असं ते म्हणाले. त्यांच्याशी आपल्याला पुढे संबंध ठेवायचे आहेत. “तुमच्याकडे आहे ना ती यादी? द्या पाठवून.” नाना तेव्हा खालच्या मजल्यावर छोट्या जाहिरातींची मुद्रितं तपासत होते. दोन जिने उतरून त्यांना सांगायला मला तीन मिनिटं लागली असती. मी जागेवर येऊन बसले, यादी ईमेलला जोडली आणि पाठवून दिली. कोणी लिहिली तेही कळवलं नाही. कंपनीतल्या माणसाने आभार मानले, मीही ‘आनंदच आहे’ असं उत्तर दिलं. मग मी चहा प्यायले आणि विसरून गेले. खरंच विसरून गेले, आणि याचीच मला आज जास्त शरम वाटते. डोळ्यात तेल घालून केलेली बावीस वर्षांची मेहनत मी एका चहाच्या आत देऊन टाकली आणि माझ्या मनावर साधा ओरखडाही उठला नाही.

नानांनी वर्षभरात नोकरी सोडली आणि ते फुलांकडे परत गेले. मीही पुढे निवृत्त झाले. नोकरीत असताना आमची मैत्री अशी नव्हतीच, ती नंतर झाली. रविवारी सकाळी बाजार आटोपला की रिकाम्या टोपल्या पुतण्याच्या टेम्पोत देऊन नाना गंगापूर रोडला माझ्याकडे यायचे. मूठभर शेवंती देवापुढे ठेवा म्हणून द्यायचे. मी देव-देव करत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी द्यायचे. मॅडमची मी ताई झाले होते. चहा, बिस्किटं आणि तासभर टीव्हीवाल्यांना शिव्या, असा आमचा कार्यक्रम असायचा. पडद्यावरची यादी कशी चुकते याच्या त्यांच्याकडे भरपूर गमती होत्या. कीर्तनाच्या जागी कुस्ती, कालचा चित्रपट आजच्या नावावर, बातम्यांना ‘माहिती उपलब्ध नाही’. “बातम्यांचीच माहिती उपलब्ध नाय, आता काय बोलायचं,” ते म्हणायचे. बबूआई गेल्या, त्यानंतरही ते रोज दुपारच्या भागांची वेळ तपासायचे. कोणासाठी, असं मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एका रविवारी ते आले, ते चप्पल काढता काढताच म्हणाले, “ताई, माझं लिहिलेलं टीव्हीत दिसतं हो.” त्यांच्याकडे नवीन बॉक्स बसवला होता, त्यात यादी मराठीत येत होती. चित्रपटाच्या नावावर थांबलं की खाली एक ओळ यायची. दोन भाऊ, एक विहीर... सगळं जसंच्या तसं. त्या क्षणी मला ते ईमेल आठवलं, तारखेसकट. मी काय केलं? डोळे मोठे केले आणि म्हटलं, “काय सांगता? कुठून मिळालं त्यांना?” नाना माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “तेच कळत नाय.” मग मी तावातावाने बोलायला लागले, हे लोक कसे पेपरातलं उचलतात, यांना लाजलज्जा नाही, नोटीस पाठवली पाहिजे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशातलाच प्रकार, फरक इतकाच की माझं ऐकणारा माणूस माझीच बिस्किटं खात बसला होता. ते म्हणाले, “नोटीस नको ताई. नावही नको. तिथं एक चूक राहिलीय, तेवढी दुरुस्त झाली पाहिजे.”

ती चूक मलाही आठवत होती. एका जुन्या कृष्णधवल चित्रपटाखाली नानांनी लिहिलं होतं, ‘पोस्टमास्तरची मुलगी रोज एकाच गाडीची वाट बघते. पदर हाताशी ठेवा.’ चित्रपटाचं नाव लिहीत नाही, नाहीतर तुम्ही लगेच रिमोट उचलाल. ओळ छापून आली त्याच दिवशी इगतपुरीच्या बाजूच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांचा फोन आला. “आमच्या स्टेशनमास्तरची मुलगी तुम्ही पोस्टमास्तरला दत्तक दिलीत,” म्हणाले, आणि खरोखर दुखावले होते. पोस्टमास्तरच्या मुलीला रोज स्टेशनवर काय काम? बावीस वर्षांत नानांची चित्रपटातली ही एकच चूक. ते हॉस्पिटलमधून आईला घरी सोडून येऊन लिहायला बसले होते, म्हणून झाली असावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच स्तंभात माफी मागून दुरुस्ती छापली होती. एवढं सगळं मला आठवत होतं. छापून दुरुस्त झालेली चूक यादीत कशी काय राहिली, एवढा साधा प्रश्न मात्र मला पडला नाही. माझं सगळं लक्ष स्वतःची कातडी वाचवण्यात होतं.

नानांनी आधी बॉक्सवाल्यांच्या ग्राहकसेवेला फोन केला होता. तिथल्या मुलीने कार्ड नंबर विचारला, अमुक दाबा, तमुक दाबा झालं, आणि ओळीत चूक आहे म्हणजे चित्र दिसत नाही का, असं विचारलं. नाना म्हणाले, चित्र छान दिसतं, बाप चुकलाय. ती चूक काही दुरुस्त झाली नाही, पण त्यांच्याकडे लहान मुलांच्या वाहिन्यांचा पॅक सुरू झाला. तो बंद करायला आणखी चार फोन. मग त्यांनी मला विचारलं, “ताई, तुमची एवढी ओळख आहे, कोणाला सांगता येईल का? एकच शब्द हे.” मी म्हटलं, “बघते.” ओळखीची गरजच नव्हती. ज्याला यादी पाठवली त्या माणसाचा पत्ता माझ्या ईमेलमध्ये पडलेला होता. पण त्याला लिहायचं तर माझं नाव पुढे येणार, तो नानांना फोन करणार, ‘मॅडमनीच तर पाठवली होती’ म्हणणार... आणि रविवारची शेवंती बंद होणार. मला त्या शेवंतीची सवय झाली होती, असं म्हणते. खरं म्हणजे मी घाबरले होते. साठी उलटलेली बाई, सगळ्या नाशिकला धारेवर धरणारी, आणि एका फुलवाल्याला तोंड दाखवायला घाबरले.

आठ महिने हे चाललं. नाना दर रविवारी यायचे असं नाही, पण यायचे तेव्हा जाताजाता विचारायचे, “ते एका शब्दाचं काही झालं का?” कधी चिडले नाहीत, आवाज चढवला नाही. मी दर वेळी “बघते, नाना” म्हणायचे. कधी ‘त्यांच्या माणसाची बदली झाली’ असं काहीतरी वर ठोकून द्यायचे. शेवटचे आले ते मे महिन्यात. ऊन फार होतं, त्यांनी चहा नको म्हटलं, पाणी मागितलं. शेवंती नव्हती, मोगऱ्याच्या चार कळ्या रुमालात होत्या. दारापर्यंत गेले, वळले, आणि या वेळी त्यांनी विचारलंच नाही. नुसतं माझ्याकडे बघून म्हणाले, “येतो ताई. तब्येतीला जपा.” मला हायसं वाटलं. तो माणूस जिना उतरत होता आणि मला हायसं वाटत होतं, हे लिहिताना माझा हात थांबत नाही याचंच मला नवल वाटतं. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत.

दहाव्याला मी गेले, चार माणसांत बसले आणि परत आले. त्याच संध्याकाळी संगणक उघडला, कंपनीतल्या त्या माणसाचं जुनं ईमेल काढलं आणि त्यालाच उत्तर लिहिलं. यादी एकनाथ विधाते यांनी लिहिलेली आहे, ते आता नाहीत, अमुक चित्रपटाच्या ओळीत पोस्टमास्तर आहे तिथे स्टेशनमास्तर करावं. पाच ओळी झाल्या. माझी खात्री होती की आता काही तो तिथे नसणार. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, दुरुस्ती केली आहे, कळवल्याबद्दल आभार. नानांच्या नावाबद्दल त्यात काही नव्हतं. म्हणजे आठ महिन्यांत कधीही, कुठल्याही रविवारी, ते चहा पीत बसले असताना माझ्या फोनवरून हे झालं असतं.

महिना झाल्यावर मी पुन्हा मखमलाबादला गेले. खोटं कशाला बोलू, काहीतरी केल्याच्या समाधानात गेले. मंदावहिनी, नानांच्या पत्नी, बाहेरच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. समोर टीव्ही चालू होता, आवाज बंद, आणि पडद्यावर ती यादी. मी विचारलं, काय बघताय? “बघत काहीच नाय ताई,” त्या म्हणाल्या. “दुपारच्याला हे बटन दाबते आन् खाली खाली वाचत बसते. त्यांचं लिव्हलेलं येतं ना.” मी त्यांच्याकडून रिमोट घेतला आणि तो चित्रपट शोधून काढला. तो महिन्यातून एकदा लागतोच, या वेळी रविवारी दुपारी होता. म्हटलं, वहिनी, वाचा. त्यांनी चष्मा लावून वाचलं. ‘स्टेशनमास्तरची मुलगी रोज एकाच गाडीची वाट बघते.’ पुन्हा एकदा वाचलं.

“तुम्ही सांगितलं व्हय त्यांना?” वहिनींनी विचारलं. मी हो म्हटलं. तशा त्या म्हणाल्या, “त्यांच्या यादीत त्यांनी तवाच दुरुस्त केलं व्हतं. फोन आला त्याच दिशी. तुम्हालाबी सांगितलं व्हतं म्हणले, तुमच्याकडच्यात करून घ्या म्हणून. चुकीचं फक्त तुमच्याकडंच राहिलं व्हतं. टीव्हीवर पोस्टमास्तर दिसला ना, तवा लगेच म्हणले, मंदा, ही ताईंच्याकडची यादी हे.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग ते मला बोलले का नाहीत, असं मी कसंबसं विचारलं.

“मी म्हणलं व्हतं त्यांना, सरळ विचारून टाका म्हणून,” वहिनी म्हणाल्या. “तर म्हणले, त्या आपणहून सांगतील. मी जातो हे ना दर रविवारी.”

मग त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि सोमवारचं वाचायला लागल्या.